भाऊंच्या चेहऱ्यावरच्या रेघा

अक्कलकुव्यात हायवेला लागून माझं बॅनरचं दुकान आहे. पुढे डिझाइनचा लॅपटॉप, मागे छापायचं मशीन. वाढदिवस, निवड, शुभेच्छा, श्रद्धांजली. माणसाच्या नावानं चौकात जे काही टांगता येतं ते मी करून देते. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, कारण गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसांना मी विटले होते. हे मी एकदा चारचौघांत बोलले आणि तेव्हापासून दुकानातला पंखा अडला तरी लोक म्हणतात, "ते लिनक्स टाकलंय ना, म्हणून."

होळी तोंडावर आली होती. डोंगरातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला जाणाऱ्यांचं स्वागत करणारा मोठा बॅनर एका पुढाऱ्याला चौकात हवा होता. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊ स्वतः कधी येत नाहीत, त्यांचा कार्यकर्ता येतो. शहाद्याकडचा, कडक इस्त्री, गॉगल डोक्यावर. येतो तो खुर्ची ओढून माझ्या पाठीशी बसतो आणि वड्याचं तेल लागलेलं बोट स्क्रीनवर टेकवून कुणाचा फोटो कुणाच्या वर घ्यायचा ते सांगतो. या बॅनरवर होळीचा फोटो कोपऱ्यात, बोटभर. बाकी सगळे चेहरे.

या बॅनरसाठी तो यायचा होता त्याच सकाळी मी लॅपटॉप अपडेट केला होता. दुपारी तो येऊन बसला आणि कुणाला वरच्या ओळीत घ्यायचं यावर फोनवर वाद घालू लागला. मी हात बांधून थांबले. तेवढ्यात स्क्रीन लुकलुकली आणि आडव्या रेघा उमटल्या. भाऊंचं कपाळ डावीकडे सरकलं, मिशी उजवीकडे.

त्यानं फोन खाली घेतला. "ताई, भाऊना तोंडले हाई काय व्हयनं?"

"स्क्रीनचा घोळ आहे. फोटोला काही झालेलं नाही."

"मंग दुसरासना तोंडवर काबर नही? भाऊवरच काबर?"

"कारण अर्धा बॅनर भाऊंच्याच तोंडानं भरलाय."

हे त्याला पटलं नाही. गॉगल डोळ्यांवर घेऊन त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही तिकडला पार्टीना तं नही ना?"

त्या पक्षाचे बॅनरही मीच करते आणि त्यातले निम्मे चेहरे तेच असतात, हे मी त्याला सांगितलं नाही. उद्या या म्हटलं.

रेघांची बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. शेजारचा मोबाइलवाला आला, लॅपटॉप उचलून खालून हुंगला आणि म्हणाला, "आयसी गेली." त्याच्याकडे काहीही नेलं तरी आयसीच गेलेली असते. माझ्या नवऱ्याच्या मते व्होल्टेज कमी होतं. आमच्या घरात भात करपला तरी व्होल्टेजच कमी असतं. मग नवऱ्यानं पुण्याला नोकरी करणाऱ्या आपल्या मित्राला फोन लावून तो माझ्या हातात दिला. मित्रानं काय होतंय हे विचारलंच नाही. "वहिनी, लिनक्स सर्व्हरसाठी असतं हो. तुम्ही आपलं साधं विंडोज घ्या." तो 'तुम्ही आपलं' म्हणाला तेव्हाच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आधी बघा तरी. रेघा पडल्याबरोबर स्क्रीनशॉट काढला आणि त्याला पाठवला.

"यात तर काहीच नाही," तो म्हणाला. "डोळे तपासून घ्या एकदा."

मी स्क्रीनशॉट माझ्या मोबाइलवर उघडला. खरंच स्वच्छ होता. भाऊंची मिशी जागच्या जागी. म्हणजे चित्र आत ठीक होतं, बिघडत होतं ते स्क्रीनपर्यंत येताना. मित्र अजून डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल सांगत होता. मी फोन नवऱ्याला परत दिला.

मग मी इंटरनेटवर शोधलं. एका फोरमवर कुणीतरी हुबेहूब हाच त्रास लिहिला होता. खाली पहिलं उत्तर, "माझ्याकडे व्यवस्थित चालतंय." जणू त्याची खुशाली कुणी विचारली होती! दुसऱ्यानं प्रश्न कसा विचारावा यावर व्याख्यान झोडलं होतं. तिसरा म्हणत होता, असला लॅपटॉप घेतलाच कशाला. शेवटी प्रश्न विचारणाराच "सुटलं, आभार" असं लिहून निघून गेला होता. कसं सुटलं, ते सांगायची तसदी त्यानं घेतली नव्हती. एवढे हुशार लोक एका जागी जमून इतकं निरुपयोगी बोलतात, हे मी ग्रामसभेनंतर इथेच पाहिलं.

तेव्हा माझं मीच बघायचं ठरवलं. अपडेटमध्ये लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, बदलतो. पण जुनाही मशीनमध्ये ठेवलेला असतो. लॅपटॉप बंद करून चालू करताना मी यादीतला जुना कर्नल निवडला. बराच वेळ नुसती बघत बसले. एकही रेघ नाही. म्हणजे आयसी शाबूत, व्होल्टेज शाबूत आणि माझे डोळेही शाबूत.

मग परत नव्यावर आले. माउस हलता ठेवला की स्क्रीन नीट राहायची, हात थांबला की रेघा. चित्र हलत नसलं की स्क्रीन शेवटचं चित्र स्वतःच धरून ठेवते आणि ग्राफिक्सचा भाग तेवढा वेळ झोपतो, अशी वीज वाचवायची एक सोय ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असते. नव्या कर्नलमध्ये तिथेच गडबड असावी, असं मला वाटलं. ती सोय बंद करायचा पर्याय लिनक्सच्या माहितीपानांवर सापडला. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये तेवढी एक नोंद घातली, लॅपटॉप पुन्हा चालू केला, भाऊंचा बॅनर उघडला आणि हात मांडीवर ठेवून बसले. कपाळ हललं नाही. मिशी हलली नाही. मी चहा मागवला. बॅटरी आता थोडी लवकर उतरते, पण तेवढं चालतं.

दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता आला तो आणखी दोघांना साक्षीला घेऊन. मी काय केलं ते सांगायला लागले तर तिघांनीही जांभई दिली. त्यांना स्क्रीनवर विश्वासच नव्हता, म्हणून फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यावर भाऊंचा चेहरा छापून दाखवावा लागला. तो त्यांनी दारात उन्हात धरून पुढून पाहिला, मागूनही पाहिला.

"हां, आते बेस शे," तो म्हणाला. "पन भाऊना फोटो अजून मोठा करा."

"जागा कुठे आहे?"

त्यानं बोट होळीच्या फोटोवर टेकवलं. "हाई काढी टाका ना."

मी काढला. होळीच्या दिवशी बॅनर चौकात चढला, नुसते चेहरे आणि खाली 'होळीनिमित्त हार्दिक स्वागत'. खाली कार्यकर्ता सगळ्यांना सांगत होता की ताईंचं मशीन बिघडलं होतं, त्यानं दोन माणसं आणून ते नीट करून घेतलं. दुपारपासून काठीकडे जाणाऱ्या जीपगाड्या बॅनरखालून जात होत्या, टपापर्यंत भरलेल्या, कुणाच्या मांडीवर ढोल, कुणाच्या हातात मोरपिसं. वर कोणी बघितलं नाही. मी दुकानाचं शटर ओढलं आणि नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ, आपणही जाऊ.