गार होण्याची खोली

डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "मॅडम, न्यूमोनिया दोन्ही बाजूंना आहे. घरी जाऊ नका, इथेच भरती व्हा." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो ऑफिसचा. आमच्या ऑफिसातल्या सुधाकररावांनाही कालपासून कणकण होती, त्यांचं काय करू? डॉक्टर म्हणाले, त्यांनाही आजच बोलवा.

मी परभणीत एका बियाणे कंपनीच्या ऑफिसचा कारभार बघते. लॉकडाऊन उठला तेव्हा पेरण्या तोंडावर होत्या, त्यामुळे ऑफिस उघडणं भाग होतं. सगळ्यांना सुखरूप परत आणायचं काम माझ्याकडे आलं. मी टेबलं लांब लांब लावली, मास्कवरून माणसांचं डोकं खाल्लं आणि दारात ताप मोजायची गन ठेवली.

सुधाकरराव आमचे कॅशियर. निवृत्तीला आलेले, साखरेचे पेशंट. सगळ्यात जास्त काळजी मला त्यांचीच होती. पाथरीहून मोटारसायकलवर यायचे. आमच्याकडचं ऊन डोक्यावर घेऊन आलेल्या माणसाच्या कपाळाला गन लावली की ती ताप दाखवणारच. पहिल्याच दिवशी त्यांना दारातून परत पाठवायची वेळ आली, तेव्हा ते चिडले. "ताप न्हाई हो मॅडम, ऊन हाय ते. जरा गार होऊ द्या, मग मोजा."

ते सगळ्यांनाच पटलं. मग रीतच पडली. आल्याआल्या कूलरच्या खोलीत बसायचं, घाम वाळला की गन लावायची. झळा येतात म्हणून खिडक्या बंद. पाणी प्यायला मास्क खाली यायचा आणि गप्पांच्या नादात तिथेच राहायचा. इतक्या दिवसांनी माणसं भेटलेली, कोण कुणाला आवरणार? बाहेर टेबलं लांब लांब, आणि आत आम्ही मांडीला मांडी लावून.

वॉर्डात मला ऑक्सिजन लावला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, घसरत होतं. सिस्टर प्रोनिंग करायला लावायच्या, म्हणजे तासन्‌तास पालथं झोपायचं. शेजारची कॉट एकदा रिकामी झाली. मी विचारलं नाही. लय भीती वाटायची, साधी, लहान मुलासारखी.

राउंडला आलेल्या डॉक्टरांना मी ती खोली सांगितली. ते दमलेल्या आवाजात म्हणाले, "कित्येकांना ताप येतच नाही, गन काय पकडणार? बंद खोलीतली हवा मात्र सगळ्यांनी वाटून घेतली."

सुधाकरराव पुरुषांच्या वॉर्डात होते. एका दुपारी त्यांचा फोन आला. शब्दाशब्दाला थांबत होते.

"मॅडम, गार व्हायचं मीच काढलं होतं. माझ्यामुळं झालं का हो हे?"

मला नाही म्हणायचं होतं. आपण सगळेच बसलो होतो, असं सांगायचं होतं. पण खोकल्याची अशी उबळ आली की फोन हातातून पडला. सिस्टरनी मास्क नीट बसवला, बोलू नका म्हणून दटावलं. बरं वाटलं की सांगू, असं मी ठरवलं. संध्याकाळी त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं. ते परत आले नाहीत.

मी वाचले. ज्या सिस्टरनी मला पालथं केलं, पाणी पाजलं, त्यांचे चेहरेही मी कधी पाहिले नाहीत. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. ऑफिस पुन्हा उघडलं तेव्हा खिडक्या उघड्या ठेवल्या. झळा आल्या तर येऊ देत. बरं नाही त्याने घरीच राहायचं, पगार कापायचा नाही, हे साहेबांकडून भांडून घेतलं. तुमच्यावर अशी जबाबदारी आली तर एवढं नक्की करा.

चालण्याइतकी ताकद आल्यावर मी पाथरीला गेले. सुधाकररावांच्या बायकोला, वहिनींना, सगळं सांगितलं. सुधाकररावांची चूक नव्हती, हेही सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "मला ठावं हाय. तुमी त्यांला सांगायचं होतं."