मालनबाईंची सही

मी असलं काही लिहून पाठवीन असं वर्षभरापूर्वी कुणी म्हणालं असतं, तर मी त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवलं असतं. आमच्या घरात भुताखेतांचा, चमत्काराचा विषयच नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. जे डोळ्यांनी दिसलं नाही ते बोलायचं नाही, हा त्यांचा कायदा. आई देवाचं करते, पण तेही घड्याळ बघून. मैत्रिणी असले किस्से सांगायला लागल्या की माझा पहिला प्रश्न ठरलेला — तू स्वतः बघितलंस का? आता तोच प्रश्न मला विचारला तर उत्तर ‘हो’ आहे... पंचाईत तिथेच आहे.

माझं नाव अश्विनी. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, वाईजवळ, कृष्णेच्या काठावर. बी.ए. झाल्यावर मी पत्रकारितेचा कोर्स करणार म्हटलं तेव्हा घरात आठ दिवस अबोला होता. आप्पांना मी पोलीस भरतीची तयारी करायला हवी होती. आणि पेपरवाल्यांवर त्यांचा जुना राग. ते रिटायर होऊन आले तेव्हा गावानं सत्कार केला आणि कुठल्याशा पेपरात छापून आलं की हवालदारसाहेबांनी आघाडीवर गोळी झेलली. आप्पांनी सगळी नोकरी रसदीच्या गाड्या चालवण्यात घालवली. गोळी सोडा, त्यांना साधा काटा टोचल्याचं ऐकिवात नाही. पारावरचे लोक पुढे कित्येक वर्षं “हवालदार, गोळी कुठं लागली दाखवा की” म्हणून चिडवायचे. खोट्या कौतुकासारखा अपमान नाही, असं आप्पा अजूनही म्हणतात.

शेवटी तह झाला. पुणे नाही, सांगली. कारण विश्रामबागेत माझी आत्या राहते. मुदत एक वर्ष. आणि अट एकच — लिहिशील ते खरं पाहिजे. एक खोटी ओळ छापून आली तर त्याच दिवशी बॅग भरून परत. एस.टी.त बसवताना आप्पा म्हणाले, “भिऊ नगंस. आपल्या गावाचंच पानी पुढं सांगलीला जातंय.” यापेक्षा मोठा आशीर्वाद त्यांना देता येत नाही.

सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर एका स्थानिक दैनिकात शिकाऊ म्हणून काम, असा दिनक्रम सुरू झाला. तिथल्या संपादक सरांचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. ज्याची मुलाखत घ्याल त्याचं नाव तुम्ही लिहायचं नाही. वही पुढे करायची आणि त्या माणसाला स्वतःच्या हातानं लिहायला लावायचं. म्हणजे नाव चुकत नाही, आणि आपण खरंच भेटलो याचा पुरावाही राहतो. आम्ही शिकाऊ पोरं त्यावर हसायचो. फोनमध्ये सगळं रेकॉर्ड होतं, मग वही कशाला? पण मी मुकाट्यानं पाळत होते, कारण आप्पा आणि सर यांची गाठ पडली तर दोघांचं किती जमेल हे मला दिसत होतं.

दोन-तीन महिने सभा-सत्काराच्या चार ओळी लिहिण्यात गेले. मग सरांनी रविवारच्या पुरवणीसाठी पहिला मोठा लेख दिला. हळद निवडणाऱ्या बायकांवर.

तो बुधवार होता. मार्केट यार्डामागे हळदीच्या शेड आहेत, त्यातल्या एकीत मी बाराच्या सुमारास पोचले. जेवणाची सुट्टी झालेली, बायका आत घोळक्यानं बसलेल्या. मागच्या दारापाशी लिंबाच्या झाडाखाली एकच बाई रिकाम्या पोत्यांवर बसली होती. पन्नाशीची असेल. हिरवं लुगडं, उजव्या भुवईवर जुना व्रण, हात कोपरापर्यंत पिवळे. लख्ख ऊन होतं, रस्त्यावर टेम्पो हॉर्न वाजवत होते. म्हणजे भीतीदायक वगैरे काहीही नाही, हे मुद्दाम सांगते.

मी ओळख सांगितली आणि फोन रेकॉर्डिंगला लावला. तिनं शेजारचं पोतं झटकून मला बसायला दिलं आणि माझी वाट बघत असल्यासारखी बोलायला लागली. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचं, आवाजावरून ते किती वाळलंय हे कळतं, असं तिनं मोडून दाखवलं. नवरा लवकर गेला, एकुलती एक मुलगी हळदीवरच शिकली आणि नर्स झाली. शाळेत फॉर्मवर अंगठा द्यायचा असला की आदल्या संध्याकाळी ही बाई चिंचेच्या कोळानं अंगठा घासत बसायची. एकदा कारकून पिवळा ठसा बघून हसला होता, म्हणून.

“पोरीच्या कागदाव डाग नगं, येवढंच हुतं मनात,” ती म्हणाली. “कातडं निगायचं, पर पिवळं काय जायचं न्हाई.”

हे कुणाला सांगितलंत का, असं मी विचारलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग मी नियमाप्रमाणे वही पुढे केली. मनात म्हटलं, हिला लिहिता येत नसणार, उगाच लाजवू नको. पण ती ऐटीत म्हणाली, “आता सही येती मला.” तिनं पेन घेतलं आणि आधी नुसती एक आडवी रेघ ओढली. कपडे वाळत घालायला दोरी बांधावी तशी. मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगत गेली. मालन आनंदा. सगळे आधी अक्षरं लिहून मग वर रेघ देतात, ही उलटं करत होती, म्हणून ते माझ्या चांगलं लक्षात राहिलं. फोटो मात्र तिनं काढू दिला नाही. तिच्या अंगठ्याचा पिवळा डाग पानाच्या कोपऱ्यावर उमटला, तो अजून आहे.

लेख रविवारी आला, माझ्या नावासकट. शेवटची ओळ होती — ‘अंगठा घासणाऱ्या मालनबाई आज स्वतःची सही करतात.’ मला ती ओळ फार आवडली होती. आत्यानं फोटो काढून गावाकडं पाठवला. आप्पांचा फोन आला नाही. सोमवारी सकाळी ते स्वतःच दारात उभे, हातात तुपाची किटली आणि प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलेलं ते पान. वाईच्या दुकानात रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतलं होतं. आत्याच्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना दाखवून झालं.

दुपारी ते माझ्याबरोबर ऑफिसात आले आणि सरांनी मला आत बोलावलं. मालनबाईंच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला होता. तिची आई बुधवारी शेडमध्ये नव्हतीच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होती, डोळ्यावर पट्टी, आणि सुनीता दिवसभर उशाशी. आईला सही तर सोडाच, एक अक्षर येत नाही. आईची टिंगल केलीत, खुलासा छापा, असं तिचं म्हणणं होतं.

मी वही दाखवली. फोनमधलं रेकॉर्डिंगही लावलं, पण त्याचा उपयोग झाला नाही, का ते पुढे सांगते. सरांनी बराच वेळ ते पान बघितलं आणि वही स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. मुलाखत झाल्याचं सिद्ध झालं नाही तर मला परत यायची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

दार उघडंच होतं, बाहेर बाकावर आप्पांनी सगळं ऐकलं होतं. ते पान त्यांच्या मांडीवर उलटं ठेवलेलं. वर्षाची मुदत, ती अट, ती गोळी... सगळं एकदम आठवलं.

“तू त्या बाईला भेटलीस?” त्यांनी विचारलं.

“भेटले आप्पा.”

ते उठले. “मग चल. तिच्या तोंडावर सांगू.”

शेडवर पत्ता मिळाला. कुपवाडला कारखान्यांच्या मागे दोन खोल्यांचं घर. दार सुनीतानं उघडलं आणि आम्हाला उंबऱ्यातच थांबवलं. आत खाटेवर काळा चष्मा लावून बसली होती ती... तीच! तोच भुवईवरचा व्रण, तोच आवाज. मी “मावशी” म्हणाले, तर तिनं माझ्याकडे मान वळवली आणि लेकीला विचारलं, कोण आलंय? मला ती ओळखत नव्हती. ते नाटक नव्हतं, हे बघितल्याक्षणी कळत होतं. माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा, पहिल्यांदा.

सुनीता भडाभडा बोलत होती आणि तिचं काही चूक नव्हतं. आप्पांनी ते सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. मग हात जोडून म्हणाले, “आवं ताई, पोरीनं लिवलेलं एकडाव आईला वाचून दावूया. त्या खोटं म्हनल्या, तर मी हिला आजच घरी न्हेतो.”

मी वाचायला लागले. हळकुंडाच्या आवाजापर्यंत मालनबाई मान डोलवत होत्या. चिंचेच्या कोळाचं वाक्य आलं आणि त्यांचा हात आपोआप डाव्या अंगठ्याकडे गेला.

सुनीतानं विचारलं, “आई, हे खरं हाय?”

“व्हय,” त्या हळूच म्हणाल्या. “पर मी ह्ये कुनालाच सांगितलं न्हाई. तुलाबी न्हाई.”

सुनीता खाली बसली आणि आईचा अंगठा हातात घेऊन रडायला लागली. मलाही रडू आलं. आप्पा बाहेरच्या सायकलकडं बघत उभे होते, म्हणजे त्यांचंही तेच.

थोड्या वेळानं मालनबाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाल्या, “बाकी समदं खरं हाय. येवढं सहीचंच तेवढं ऱ्हायलंय. मग त्येबी खरं करूया की. शिकीव मला.”

सुनीतानं त्याच रात्री सरांना फोन करून तक्रार मागे घेतली. सर मात्र बधले नाहीत. एक ओळ चूक असली तरी चूकच, रविवारी खुलासा छापणार, असं ते म्हणाले. आप्पांना सर तिथेच आवडले. ते गावी जायचं रद्द करून आठवडाभर आत्याकडे राहिले.

मी रोज संध्याकाळी सिटी बसनं कुपवाडला जायचे. एक लक्षात घ्या, वही सरांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद होती. मालनबाईंनी ती कधीच बघितली नव्हती आणि तिच्यात सही कशी आहे हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. मी त्यांना पाटीवर शाळेत शिकवतात तसंच शिकवलं. आधी अक्षर, मग वर रेघ. मालनबाईंचा ‘म’ पडायचा, ‘ल’ लोळायचा, मग त्या स्वतःवरच चिडायच्या. वर माझं लग्न कधी, आप्पांना पेन्शन किती, असल्या चौकशा चालूच. मला तर शेवटी-शेवटी वाटायला लागलं, हे काही जमत नाही.

शुक्रवारी त्यांनी पाटी बाजूला सारली आणि कोरा कागद मागितला.

“तुजं उलटं हाय पोरी,” त्या म्हणाल्या. “दोरीच न्हाई तर अक्षरं टांगायची कशाला?”

आणि त्यांनी आधी एक आडवी रेघ ओढली.

त्या रेघेखाली एकेक अक्षर टांगत गेल्या... मालन आनंदा. तो कागद घेऊन मी आप्पांबरोबर तडक ऑफिसात गेले. सरांनी ड्रॉवर उघडला, वहीतलं पान आणि हा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. रेघेवर रेघ बसली. ‘न’ जिथे थरथरला होता तिथेच थरथरला होता. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं आणि आप्पांना म्हणाले, “बसा. चहा सांगतो.”

रविवारी खुलासा आला. ‘लेख प्रसिद्ध झाला तेव्हा मालनबाई सही करत नव्हत्या. आता करतात.’ खाली त्यांची सही, छापलेली. आप्पांनी तोही लॅमिनेट केला. आमच्या घरी भिंतीवर आता लेख नाही, तो खुलासा लावलाय, आणि आल्या-गेल्याला ते सांगतात, पोरीनं चूक लपवली नाही. पारावर गोळीची चौकशी बंद झालीय असं आई म्हणते. माझी एक वर्षाची मुदत आता कुणी काढत नाही.

लिंबाखाली मला कोण भेटलं? सर्व शक्यता मी पत्रकारासारख्या तपासल्या. मालनबाईंना बहीण नाही. शेडच्या मुकादमानं सांगितलं, त्या दिवशी मागच्या दाराला कुणी बसलेलंच नव्हतं. हॉस्पिटलचा कागद मी स्वतः बघितलाय. फोनमधलं रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात माझे प्रश्न आहेत, टेम्पोचे हॉर्न आहेत आणि मधे हळकुंड मोडल्याचा एक आवाज... बस. दुसरं कुणी नाही.

मालनबाईंना मात्र त्याचं काहीच वाटत नाही. परवा बँकेत त्यांनी पहिल्यांदा सही केली, तेव्हा मी बरोबर होते. कारकुनानं शाईचं पॅड पुढे केलं, ते त्यांनी एका बोटानं मागे सरकवलं आणि पेन मागितलं. बाहेर आल्यावर मला विचारलं, “त्या दिवशी तुज्या वहीत सही करताना मी दिसत कशी हुते गं?”

मी म्हटलं, “अशीच. ऐटीत.”

“मग मीच आसनार,” त्या म्हणाल्या, आणि रिक्षाला हात केला.