रांजणाकडं पाठ

मी गाव सोडलं त्या सकाळी मला निरोप द्यायला जमलेल्या सगळ्या बायांनी माझ्याकडं पाठ फिरवली होती. इथं कॅनडात हे कुणाला सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. अरेरे, भांडण झालं होतं का? आता यांना काय सांगू, इतका मायेचा निरोप मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

झालं असं की जीप पाराशी उभी होती, बॅगा टपावर चढल्या होत्या. म्हटलं, जाता जाता रांजणात ओंजळभर ज्वारी टाकून यावी. पाराच्या मागं आमचा मातीचा जुना रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, वर लाकडी झाकण. मी तिकडं वळले मात्र, शेजारच्या गयाबाईसकट सगळ्या जणी तोंडं रस्त्याकडं करून उभ्या राहिल्या. कुणी उगाच पदर सावरला. कुणी जीपवाल्याला विचारलं, "का रं, नगरला येळंवर पोचवशील ना आमच्या लीलाबाईला?" मी टाकलं की काढून घेतलं, कुणी पाहिलं नाही. पाहायचंच नाही, ही आमच्या गावची रीत.

गावात राहिलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको. पण आपल्यातली जी बाहेर पडली, त्यांची पोरं आता मराठी अडखळत वाचतात, त्यांच्यासाठी लिहिते. कर्जतच्या आमच्या बाजूला दिवाळी झाली की निम्मं गाव कोपरगावकडं ऊसतोडीला जातं. मागं राहतात म्हातारी माणसं. कुणाच्या घरात दाणे असतात, कुणाच्या संपतात. म्हणून दळण करायला बसलं की एक ओंजळ रांजणाची बाजूला काढायची. असेल त्यानं टाकावं, नसेल त्यानं न्यावं, आणि पारावर जे कोणी बसलं असेल त्यानं पाठ फिरवावी. टाकणारीच्या पदराखाली काहीतरी असतं, नेणारीच्याही असतं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "देनाऱ्याचं तोंड बगू नये आन् घेनाऱ्याचा हात बगू नये." गयाबाई माझी एका भिंतीची शेजारीण, लग्न होऊन आले तेव्हापासूनची. ती रांजणाकडं टाकायला जायची की न्यायला, मला आजही ठाऊक नाही. तिलाही माझं ठाऊक नाही.

इथं आले लेकीकडं, वैशालीकडं. नातीला सांभाळायचं आणि वैशालीनं पीएचडी करायची, असं ठरलेलं. तिचा विषय म्हणजे सेवाभावी संस्था कोण चालवतं, त्यांचं नेतृत्व कसं असतं, जगभर माणसं एकमेकांना मदत कशी करतात. चांगला विषय आहे, मी नाव ठेवत नाही. मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून शिकले. त्यामुळं लेक डॉक्टर होणार म्हटल्यावर मला कोण अभिमान. ती लॅपटॉप घेऊन ओट्याशी बसायची, मी भाकरी थापायची, आणि प्रश्न सुरू.

"आई, रांजणाचं मॅनेजमेंट कोण बघायचं?"

"कोणी नाही."

"अगं, कुणीतरी लीडर असेलच ना. तूच असशील."

"मी कसली लीडर? झाकण फुटलं तर ज्याला दिसलं तो बसवायचा."

"असं कसं चालेल?"

"चाललं की गं. तुझ्या पणजीच्या आधीपासनं चाललंय."

तिनं मान डोलावली आणि टाईप केलं. मला वाटलं, कळलं हिला.

पुढं तिचं ते लिखाण पुण्याच्या एका संस्थेनं वाचलं. गाडी घेऊन माणसं गावात गेली, रांजणाला फुलं वाहून आली. आणि एक दिवस गयाबाईचा व्हिडिओ कॉल.

"लीले, लई भारी झालंय बग. रांजनाला फरशी बसवली, लाईट लावली. दानवीरांच्या नावाचा बोर्ड हाय. आन् खांबावर डोळा बसवलाय."

"डोळा?"

"क्यामेरा गं. सारखा बगत आसतो. त्येला पाठ कुटं हाय फिरवायला?"

मी हसले. ती हसली नाही.

"आता रांजन काठोकाठ भरलाय. टाकाया समदी येत्यात, फोटू निगतो ना. न्याया कोन येत न्हाई. सोंडे पडल्यात ज्वारीत."

"मग ज्यांना लागतं त्यांचं?"

"त्यांचं काय. ऱ्हात्यात तशीच."

तिचा लेक, सून दोघं उसाच्या फडावर. घरात ती एकटी. तिच्या गालाची हाडं वर आलेली मला त्या एवढ्याशा काचेत दिसत होती. आणि बघा, जेवलीस का, हे आपण रस्त्यात कुणालाही विचारतो, ते मला तिला विचारता येईना. विचारलं तर तो क्यामेरा मीच झाले असते.

वैशालीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, पण संस्थेचा रिपोर्ट आलाय. रांजण भरून वाहतोय म्हणे. ट्रान्स्परन्सीमुळं देणारे वाढले." त्या शब्दाची मला शिसारी आली ती तेव्हापासून. भरलेला रांजण म्हणजे गावाची हाडं मोडल्याची खूण, आणि हे त्याचे पेढे वाटतायत! इथं दुकानात पैसे देताना मशीन विचारतं, गरिबांसाठी डॉलर देणार का, आणि मागच्या रांगेतला माणूस मान लांब करून बघतो काय बटण दाबलं ते. मला वाटायचं, असू दे, यांची रीत यांच्यापाशी. ती आमच्या पारावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

मग तिच्या युनिव्हर्सिटीत ती कॉन्फरन्स झाली. देशोदेशीचे लोक आले होते, दान या विषयावर जन्म घालवलेले. वैशालीनं मला पहिल्या रांगेत बसवलं, "माझी आई, कम्युनिटी लीडर" म्हणून ओळख करून दिली, टाळ्या वाजल्या. जेवणाची वेळ जवळ आली म्हणून सँडविचचे डबे वाटले. माणसं खात होती, वैशाली पुढं उभी राहून बोलत होती, आणि पडद्यावर भिंतीएवढी गयाबाई आली.

रांजणावर वाकलेली. त्या खांबावरच्या डोळ्यानं वरून टिपलेली. ती बेसावध होती, तोंड अर्धवट उघडं होतं. घोडेगावच्या बाजारात बैलाचा जबडा फाकून दात बघतात, तसे सगळे बघत होते. एकानं पाव चावता चावता मान तिरकी केली, नीट दिसावं म्हणून.

तिचा हात कुठं होता, आत जात होता की बाहेर येत होता, ते मी बघितलं नाही. त्याआधीच मी उठले, खुर्ची उलट फिरवली आणि पडद्याकडं पाठ करून बसले. कुणाला दाखवायचं म्हणून नव्हे. कुणी रांजणाशी आलं की पाठ वळते, सवय आहे. पण आता माझं तोंड त्या सगळ्या खाणाऱ्यांकडं झालं. एकेक जबडा थांबला. वैशालीचं बोलणं मध्येच तुटलं.

गाडीत ती रडली. "आई, सगळ्यांसमोर असं का केलंस?"

मी म्हटलं, "तू तिला काकू म्हणायचीस. तिनं तुला न्हाऊमाखू घातलंय. तिला विचारलंस का हा फोटो दाखवू का म्हणून?"

"संस्थेनं दिला होता."

"त्यांनी विचारलं का?"

घरी येऊन तिनं तो फोटो काढून टाकला, प्रबंधातला गावाचा माग लागेल असा सगळा भागही काढला. तिचे सर नाराज झाले, काम लांबलं. संस्थेला तिनं क्यामेरा काढा म्हणून सांगितलं, तर म्हणाले, गावाच्या भल्याचंच आहे, देणाऱ्यांना दिसलं पाहिजे. क्यामेरा अजून तिथंच आहे. रांजणही काठोकाठ आहे, त्याचे फोटो अजून येतात. मी उघडत नाही.

परवा गयाबाईचा फोन आला. या वेळी गालावर जरा तजेला होता.

"पयलं आईक, जेवले मी. तू इचारत न्हाईस म्हनून सांगते."

मी पदर तोंडाला लावला.

"दुसरा रांजन बसलाय, लीले."

"कुठं गं?"

"ते तुला सांगायची न्हाई. तुजी लेक लिवती!" आणि अशी खदखदून हसली की खोकला लागला.

खरं सांगते, लागलं मला. ज्या गावात मी नांदले, म्हातारी झाले, तिथली एक गोष्ट आता माझ्यापासून झाकून ठेवलेली. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ नुसती ओट्याला टेकून उभी होते. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. आपलं घर अजून धड आहे, माझ्यापासूनसुद्धा स्वतःला झाकून घ्यायची त्याला अक्कल आहे, म्हणजे ते उभं आहे.

तेव्हा गावातल्या बायांनो, कुणी फोन केला तर पाऊसपाण्याचं सांगा, फडावर गेलेल्यांचं सांगा, कुणाची सून बाळंत झाली ते सांगा. रांजण कुठं आहे ते मला सांगू नका. त्या सकाळी तुम्ही सगळ्या माझ्यासाठी रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिलात. आता तसं उभं राहायची पाळी माझी.