शेवटच्या रिळातलं लग्न

लढाईच्या काळात मी आणि दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भागीदारीत तंबूचा सिनेमा चालवत होतो. तंबू आणि व्यवहार माझा, मशीन त्यांचं. एका दिग्दर्शकाच्या चित्रांचं मला वेड होतं. त्याची माणसं जीव लावत आणि एकमेकांना मिळत नसत; पण तो ते बोलून दाखवत नसे. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. भिंतीवर गजांची सावली, आणि त्या सावलीतून निघून जाणारी बाई. त्याचं नवं चित्र मी सांगलीच्या एजंटाशी दोन दिवस हुज्जत घालून मिळवलं.

कडेगावात ते लागलं तेव्हा मी तंबूच्या पुढच्या मुक्कामाची जागा ठरवायला कराडला गेलो होतो. परतलो तर लोक खूश! दाजींनी शेवट कापून तिथे एका पौराणिक चित्रातलं लग्न चिकटवलं होतं. निघालेली बाई एकदम दुसऱ्याच तोंडाने, मुंडावळ्या बांधून उभी.

"लोकांस्नी लगीन लागतं, गड्या. रडायला घरी काय कमी हाय व्हय?"

"आवं दाजी, त्यानं उजेड जोखून चित्र काढलं, आन् तुमी ठिगळ लावलं!"

कापलेला तुकडा डब्यात सापडला. कराडला मी स्वतः ठिगळ उसवून तो जागेवर जोडला आणि मशीनला खेटून उभा राहिलो.

शेवटी बाई चालू लागली. संवाद नाही, गाणं नाही. लग्नाची बातमी कडेगावाहून आधीच पोचली होती.

"लगीन दावा!" शिट्ट्या सुरू झाल्या. एक पायताण पडद्यावर आदळलं. कुणीतरी कनातीचा बांबू हलवू लागलं.

"तंबू फाडत्याल रं! बंद कर." दाजींचा हात मशीनकडे गेला. मी त्यांचं मनगट आवळून धरलं.

"फाडू द्या. माझा हाय."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारा आवाज कडाडला, "गप बसा रं मुडद्यांनो! जाऊ द्या तिला नीट."

बांबू हलायचा थांबला. शेवटच्या गजाची सावली बाईच्या पाठीवरून उतरली आणि भिंत तेवढी राहिली. दिवे लागले तरी बायकांच्या बाजूला कुणी उठेना.

मनगट चोळत दाजी म्हणाले, "समद्यांसमोर हात धरलास माझा."

सकाळी मशीन गाडीत घालून ते गावी गेले. भागीदारी तिथेच मोडली. ते चित्र मला पुन्हा लावता आलं नाही, याचा राग अजून आहे. लग्नाचा तो तुकडा त्यांनी दोनदा मागितला. मी दिलेला नाही.