तारा काढण्याआधीचे दोन दिवस

चहासुद्धा प्रकल्पाच्या खर्चातून आला, तेव्हाच मला खटकलं. एरवी इस्पितळात नातेवाइकाला कुणी बसा म्हणत नाही, आणि इथे बिस्किटांसकट चहा! मी सगळी नोकरी बँकेत कर्जाच्या टेबलावर काढलेली. समोरचा फार गोड बोलायला लागला की मी त्याचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायची. ती खोड निवृत्त झाल्यावरही गेली नाही.

माझ्या धाकट्या भावाला फेफरं यायचं. रामघाटावरच्या पाठशाळेत तो ऋग्वेद शिकला, चांगला तयार झाला, आणि ऐन उमेदीत हे दुखणं मागे लागलं. गोळ्यांनी भागेना. शेवटी बनारसमधल्याच एका मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, कवटीला बारीक भोकं पाडून मेंदूत तारा सोडू, झटका नेमका कुठून उठतो ते दिसेल, मग तेवढा भाग काढून टाकू. इथवर ठीक. पण पुढे म्हणाले, तारा आत आहेत तोवर आम्ही थोडं संशोधनही करू. एवढं पाठ केलेलं मेंदूत राहतं कुठे ते बघायचंय. पैसा परदेशातल्या एका संस्थेचा. खोलीचा, तारांचा, ऑपरेशनचा, सगळा खर्च त्यातूनच.

झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. सातासमुद्रापलीकडच्या कुणाला आमच्या घाटावरच्या भिक्षुकाचा एवढा कळवळा कशाला? आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार, दुसरं काय. मी विचारलं, "संशोधनाला नाही म्हटलं तर ऑपरेशन कराल का?" डॉक्टर म्हणाले, "तरीही करू." मी ते लिहून मागितलं. त्यांनी लगेच लिहून दिलं, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. भावाने मात्र मला न विचारता सही ठोकली होती.

डोक्याला पांढरी पट्टी, तिच्यातून तारांचा झुबका निघालेला, आणि हा पलंगावर मांडी घालून ऋचा म्हणतोय. डॉक्टर मध्येच एकेका तारेतून बारीकसा करंट सोडायचे. बहुतेक ठिकाणी काही व्हायचं नाही. एका जागी मात्र त्याचा आवाज मध्यावरच तुटायचा. तोंड उघडं, शब्द नाही. करंट थांबला की तो ऋचा पुन्हा आरंभापासून धरायचा. दर वेळी तेच. आणि डॉक्टरांचे चेहरे काय फुललेले! आपसात इंग्रजीत म्हणत होते, इथे करंट दिला की आठवण पुसली जाते, माणूस परत मुळापासून सुरू करतो.

"काही पुसलं-बिसलं नाही," मी म्हटलं. "त्याच्या गुरुजींची शिस्त आहे ती. मध्ये खंड पडला, मग साधा खोकला का येईना, तिथून पुढे उचलायचं नाही. ऋचा पहिल्यापासून."

भाऊ हसला. "हो तर. कुठे तुटलं ते मला चांगलं ठाऊक असायचं."

"मग सांगितलं का नाहीस, शहाण्या?"

"कुणी विचारलंच नाही."

आता डॉक्टरांचे चेहरे उतरले. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर माझ्यापाशी येऊन बसले. "दीदी, दो दिन और." झटके टिपून झाले होते, तारा काढायचं ठरलं होतं. पण संशोधनाचं आधीचं सगळं चुकीचं ठरलं, ते पुन्हा करायला हवं, आणि संस्थेने दिलेली मुदत संपत आलेली. मी म्हटलं, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. हे दोन दिवस त्याच्या इलाजासाठी की तुमच्यासाठी?

"आमच्यासाठी," ते म्हणाले.

"आणि धोका?"

"थोडा वाढतो. तारा जितक्या जास्त दिवस आत, तितकी जंतू शिरायची भीती."

खरं बोलले, हे कबूल. पण मी संतापले. डोकं म्हणजे काय धर्मशाळा आहे, मुक्काम वाढवायला? तशीच भावाकडे गेले. म्हटलं, नाही म्हणून सांग त्यांना.

तो म्हणाला, "ताई, त्या वसंतपूजेत सगळे वैदिक मंत्र म्हणायला ओळीने बसले असताना झटका येऊन मी पडलो. तेव्हापासून मला कुणी बोलावतं? आपणहून गेलो, तर चार ऋचा झाल्या की म्हणतात, पुरे, दमशील. मी त्यांच्या मांडवात पडेन अशी धास्ती. घरी तूही तेच म्हणतेस. ही माणसं मला मध्ये तोडतात खरी, पण मग म्हणतात, फिर से कहिए. आणि परत ऐकतात."

"यंत्रं ऐकतात, बाबा!"

"ऐकतात ना?"

कपाळ माझं! त्याने होकार दिला, पण एक अट घातली. शेवटच्या दिवशी करंट न देता अख्खा अध्याय म्हणू द्यायचा. डॉक्टरांनी जराही घासाघीस न करता मान्य केलं. इथे नक्की पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं.

ऑपरेशन पुढे नीट पार पडलं, झटके पुष्कळ कमी झाले. त्याबद्दल मी डॉक्टरांना नावं ठेवणार नाही. डॉक्टरांनी टिपलेल्याचं त्या संस्थेने काय केलं, हे मात्र मला आजही ठाऊक नाही, आणि आजही मी त्यांना चांगलं म्हणत नाही.

तर तो शेवटचा दिवस. भावाने अध्याय सुरू केला, आणि मी खुर्ची उचलून करंटचं बटण ज्याच्या हाताशी होतं त्या माणसाला खेटून बसले. नजर त्याच्या बोटावर. एकदा बोट हललं तशी मी त्याचं मनगटच धरलं. बिचारा नाक खाजवायला निघाला होता! तरी मी नजर काढली नाही. अध्याय संपला, तेव्हा कुठे मी मान वर केली.

भाऊ घामाघूम झाला होता. किती दिवसांनी त्याला असा खूश बघत होते. "ताई, स्वर कुठे चुकला का गं?"

हे तो लहानपणापासून मलाच विचारायचा. आमच्याकडे मुलींना वेदांची संथा देत नसत, पण भाजी चिरता चिरता ऐकून माझा कान तयार झाला होता, आणि त्याचा माझ्या कानावर गुरुजींच्या खालोखाल विश्वास.

"ठाऊक नाही रे," मी म्हटलं. "मी त्याच्या बोटाकडे बघत होते."

तो डॉक्टरांकडे वळला आणि म्हणाला, "आपने तो सुना न?"