तळ्यापर्यंत सायकलनं

झालेल्या सहलीचा किस्सा एकच होतो. राहून गेलेल्या सहलीचे मात्र साठत जातात. चंडीगडच्या आमच्या मराठी टोळक्याकडे असा साठा बक्कळ आहे. ऐंशीच्या दशकाची अखेर, पंजाब पेटलेला, आणि आम्हाला काय सुचावं? रविवारी सायकली काढायच्या, रमतगमत गाव बघत सुखना तलावापर्यंत जायचं आणि परत यायचं. बस्स!

कल्पना वसुधावहिनींची. यजमान मेजर, चंडीमंदिरच्या छावणीत. मी युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवायचो. वहिनी आमच्या घरी येऊन म्हणायच्या, "तीन वर्षं झाली भावोजी, हे गाव मी जीपमधूनच बघतेय. एकदा सावकाश बघायचंय हो."

अडचण एकच. वहिनींना सायकल येत नव्हती!

*

क्वार्टरमागच्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. मेजरसाहेब सीट धरून मागे धावायचे आणि वहिनी दर दोन पावलांना वळून त्यांच्याकडे बघायच्या. तिसऱ्यांदा मेंदीच्या कुंपणात गेल्यावर लेक ओरडली, "मम्मी, पापा को मत देखो, आगे देखो!"

वहिनी साडीतले काटे काढत म्हणाल्या, "पंधरा वर्षांची सवय आहे गं, अशी लगेच कशी जाईल!"

पण शिकल्या. महिन्याभरात एका हातानं घंटी वाजवायला लागल्या.

*

मग जमावबंदी आली. पाच माणसं एकत्र दिसायची नाहीत, आणि आम्ही तीन जोडपी! डॉक्टर डबके नागपूरचे, त्यांच्याकडे तोड तयार. "तिघं पुढं, तिघं मागं. मधात एक चौक सोडा. एकमेकांना ओळख दाखवायचीच नाही न बाप्पा!"

मिसेस डबके ताबडतोब म्हणाल्या, "मग मला पुढच्या तिघांत घाला, ह्यांना मागच्या. हे ओळख दाखवत नाहीत अशी एक तरी सकाळ पाहू द्या मला!"

तो रविवार उजाडायच्या आधीच कुठल्याशा बाजारात बॉम्ब फुटला. डबके दोन दिवस हॉस्पिटलातून घरी आले नाहीत. सायकलचं नाव कुणी काढलं नाही.

*

थंडी सरल्यावर डबके आणि मी रस्ता बघून यायला निघालो. पहिल्याच नाक्यावर जवानानं अडवलं.

"कहाँ जा रहे हो?"

"कहीं नहीं जी," डबके म्हणाले.

"और ये?"

"मेरे साथ."

जवानानं आमचे पंप, टायर, डबकेंच्या डब्यातली पोळी, सगळं तपासलं! ऑफिसला जाणारे, लग्नाला जाणारे, सगळे सुटत होते. कुठंच जायचं नसलेले आम्ही दोघंच संशयित. परत येताना मला फार वाईट वाटलं. उगीच फिरणं म्हणजे काय चैन असते, ते मला त्या दिवशी कळलं.

*

आणि मेजरसाहेबांची बदली झाली. सामान ट्रकनं पुढे गेलं, वहिनींची सायकलही गेली, आणि शेवटचे दोन दिवस तिघं आमच्याकडे राहायला आले. नेमका कर्फ्यू लागला. सकाळी दूध-भाजीपुरती काय ती दोन तासांची ढील मिळायची.

निघायच्या आदल्या दिवशी ढील सुरू होताच वहिनींनी आमच्या हिची सायकल काढली, हँडलला दुधाची किटली अडकवली. "भावोजी, येताय दुधाला?"

दुधाचं बूथ डावीकडे होतं. वहिनी उजवीकडे वळल्या!

मी मागोमाग. एवढे रुंद रस्ते, आणि त्यावर आम्ही दोघंच. वहिनी प्रत्येक झाड, प्रत्येक फाटक बघत चालल्या होत्या. मी एकदा "वहिनी, वेळ" म्हणालो. त्यांनी नुसती घंटी वाजवली.

तळ्याच्या तोंडाशी जवान उभा होता. त्यानं किटलीकडे बघितलं. "मैडम, इधर दूध नहीं मिलता."

"पता है भैया," वहिनी म्हणाल्या. "कल हम लोग जा रहे हैं. हमेशा के लिए."

त्यानं घड्याळ बघितलं, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, आणि बाजूला झाला.

"आराम से देखो जी. अभी टाइम है."