बत्तीस गाणाऱ्या आया

सुवाच्यबाईंचं खरं नाव शाळेत फक्त मस्टरला ठाऊक. पोरांनी हे नाव ठेवलं ते काही उगाच नाही. अक्षर रेघेखाली घसरलं की बाईंचा पारा चढायचा. सव्वीस वर्षं त्यांनी परकी भाषा शिकवली, पण ती घरात बोलणारं माणूस कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्यामुळे शिक्षकांच्या अदलाबदलीत दोन आठवडे परदेशी जायला त्यांची निवड झाली, तेव्हा त्या हरखल्या आणि धास्तावल्याही.

मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, फर्मान काढलं की सहावीच्या प्रत्येक मुलाचं पत्र बाईंनी तिकडच्या वर्गाला न्यायचं. आता या पोरांना त्या भाषेत धड चार वाक्यं जुळवता येत नाहीत. शाळेची शोभा कशाला करून घ्यायची? बाईंनी नेहमीचा उपाय केला. पत्र फळ्यावर लिहिलं आणि म्हणाल्या, "उतरून घ्या. नाव तेवढं आपापलं घाला." त्यात एक वाक्य होतं: माझी आई फार छान गाते. बाईंची स्वतःची आई गायची, म्हणून ते सुचलं.

खोडरबर टेबलाशी आली. ही मुलगी लिहायची कमी आणि खोडायची जास्त, म्हणून तिला वर्ग खोडरबर म्हणे. "बाई, मला आई नाही ना. ते वाक्य सोडू?"

बाईंना हे माहीत होतं. पण पत्रं शाळा सुटायच्या आत बांधायची होती. "एक ओळ गाळलीस की पानाचा सगळा आकार बिघडेल," त्या म्हणाल्या. "आहे तसं लिही. तिकडे कोण बघतंय?"

तिने लिहिलं. पानावर एकही खाडाखोड नव्हती. बाईंनी तिला शाबासकीसुद्धा दिली, आणि ही शाबासकी त्यांना पुढे फार महागात पडली.

तिकडचा वर्ग बघून बाई चक्रावल्या. मुलं कुठेही बसत, जमिनीवर पालथी पडून लिहीत, आणि त्यांच्या चुका भिंतीवर कौतुकाने लावलेल्या असत. तिकडच्या शिक्षिकेने, म्हणजे यजमानबाईंनी, पत्रं वाटली. एकेकाने उभं राहून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पत्राला कुजबुज झाली, पाचव्याला हसू फुटलं. एका मुलाने विचारलं, "यांच्या सगळ्यांच्या आया गातात?" चेष्टेने नव्हे, खरंच विचारलं. यजमानबाई पटकन म्हणाल्या की असतात अशी गाणारी गावं. बाईंना शब्द न् शब्द कळला. सव्वीस वर्षांचं शिकवणं नेमकं त्या क्षणी कामाला आलं. 

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण खोडरबरचं पत्र पडलं समोरचे दात पडलेल्या एका मुलीच्या हाती. तिने दोन दिवस खपून एक घडीचं चित्र केलं. उघडलं की कागदाची बाई उभी राहायची, तोंड उघडं, हात पसरलेले. खाली लिहिलं होतं: हे तुझ्या आईला दे. ती कोणतं गाणं गाते ते मला कळव.

चित्र द्यायला ती आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत रंग होता. बाईंनी वाक्य मनात जुळवलं होतं: तिला आई नाही, चूक माझी आहे. व्याकरण अगदी चोख होतं. मुलगी तोंडाकडे बघत उभी होती. बाई म्हणाल्या, "छान."

परतताना वाटलं, हे एक चित्र पिशवीच्या तळाशी राहू द्यावं, विसरले म्हणावं. पण यजमानबाई कामाला वाघ. त्यांनी बत्तीसही उत्तरांचे फोटो आधीच पाठवले होते आणि मोठ्या सरांनी ते नावानिशी सूचनाफलकावर लावलेही होते. बाई शाळेत पाऊल ठेवतात तो फलकासमोर घोळका. खोडरबर मात्र त्यात नव्हती.

वर्गात बाईंनी उत्तरं वाटली. तिचं चित्र त्यांनी सगळ्यात शेवटी दिलं. खोडरबरने घडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ओळीखालून बोट फिरवत वाचलं. ती रडली असती तर बाईंना काहीतरी करता आलं असतं.

ती टेबलाशी आली. "बाई, याचं उत्तर फळ्यावर लिहून देणार ना?"

"नाही गं. या वेळी तुझं तू लिही. खरं काय ते लिही. चुकलं तरी चालेल."

"पण आपण लिहिलंय ना, ती गाते म्हणून." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, शंका होती, अभ्यासातली शंका असते तशी. "मी लहान होते, मला तिचं गाणं आठवत नाही. मग कोणतं लिहू?"

बाईंच्या हातात खडू होता. मागे फळा स्वच्छ पुसलेला होता, आणि सगळा वर्ग वह्या उघडून, पेन्सिली सरसावून बाई काय लिहितात याची वाट बघत होता.